मा. स्टेशन मास्तर यांसी, सपत्नीक

लखोटेतात्याला कुणी विचारलं, "तात्या, तुम्ही ऑफिसात करता काय?" तर तो म्हणायचा, "सरकारचं तोंड बंद करतो." आणि गडी खोटं बोलत नव्हता. सरकारला जे काही बोलायचं असेल ते वरच्या मजल्यावर टाइप व्हायचं, साहेबांची सही व्हायची आणि कागद खाली यायचा. तो पाकिटात घालून पाकिटाचं तोंड चिकटवायचं, वर पत्ता घालायचा आणि टपालाच्या थैलीत सोडायचं, हे तात्याचं काम. जावक खातं म्हणत त्याला. खातं म्हणजे तरी काय, तर जिन्याखालची एक तिरक्या छताची खोली. आत यायचं तर बऱ्या उंचीच्या माणसाला वाकूनच यावं लागे. त्यामुळे थोरले साहेबसुद्धा तात्यापुढे मान खाली घालूनच उभे राहत. तात्या स्वतः बुटका होता. त्या खोलीत ताठ उभा राहू शकणारा अख्ख्या ऑफिसात तो एकटाच.

टेबलावर खळीचा डबा, सपाट ब्रश, लाखेची कांडी, पितळी शिक्का, आणि वाटीत भिजवलेला स्पंज. स्पंजावर त्याचा फार जीव. नवा कुणी कारकून आला आणि त्याने पाकिटाची कड जिभेला लावली, की तात्याचं पित्त खवळायचं. "अरे, टपाल खात्याच्या प्रमुखाकडे निघालंय, तुझ्या सासूकडे नाही. त्यांना तुझी थुंकी कशाला धाडतोस?" पोरगं ओशाळून स्पंज घ्यायचं.

आलेलं पाकीट तो कधी फाडत नसे. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचा, जोड अलगद उकलायचा, पाकीट उलटं करून आतली कोरी बाजू वर आणायचा आणि पुन्हा चिकटवायचा. साध्या टपालाला ते नव्यासारखं चालायचं. त्याची काही पाकिटं इतक्या ऑफिसांत जाऊन आली होती की तेवढा प्रवास तात्याच्या अख्ख्या खानदानात कुणी केला नव्हता.

पण तात्याचा खरा धर्म एकच. पाकिटावर माणसाचं नाव लिहायचं नाही, हुद्दा लिहायचा. पूर्वी एकदा कुणा दीडशहाण्याने कार्यकारी अभियंत्याच्या पाकिटावर त्याचं नाव घातलं. अभियंत्याची बदली झालेली. पाकीट त्याच्या मागे मागे त्या गावाला गेलं, तिथून तो सुटीवर म्हणून त्याच्या घरी गेलं, घरून सासुरवाडीला गेलं. परत आलं तेव्हा त्याच्या अंगावर इतके शिक्के, की मूळ पत्ता शोधायला भिंग लागलं. पुलाचं काम तेवढे दिवस अडून राहिलं. तात्याने ते पाकीट भिंतीवर खिळ्याला टांगलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. "माणूस आज आहे, उद्या नाही. खुर्ची कुठं जात नाही. पत्ता खुर्चीचा घालायचा."

हे खूळ ऑफिसात राहिलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं. पण तात्या ते डब्याबरोबर घरी आणायचा. मुलगी चिमी चौथीत होती तेव्हा तिच्या वह्यांना कागदी कव्हरं घालून तात्याने वर लिहिलं, 'विद्यार्थिनी, इयत्ता चौथी'. पोरीने भोकाड पसरलं. बायको म्हणाली, "अहो, नाव कुठंय?" तात्या म्हणाला, "नाव कशाला? कोरी पानं उरली तर पुढच्या वर्षीच्या चौथीला देता येतील." बायकोने कपाळाला हात लावला. त्या संसारात तो हात कपाळावरून फार काळ खाली आला नाही.

तात्याला एक थोरली बहीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. आई शेतात राबायची, तेव्हा आक्कानेच तात्याला कडेवर वागवलं. त्याचं नाक पुसलं, त्याला मारलं, आणि दुसऱ्या कुणी मारलं तर त्याला बदडून आली. तिचा नवरा एका लहानशा स्टेशनावर स्टेशन मास्तर. चिमी तान्ही असताना तात्याची बायको टायफॉइडने आडवी झाली, तेव्हा चिमीला आक्काच घेऊन गेली. पोरगी चालायला लागली ती स्टेशनाच्या फलाटावर. त्यामुळे चिमीला आई दोन, एक घरची आणि एक स्टेशनावरची.

भावजी निवृत्त झाले, रेल्वेची खोली सोडायची वेळ आली. आक्काने भावाला पत्र घातलं, की आम्ही नव्या घरात राहायला जातोय, हा तिथला पत्ता, तू बायकोला आणि मुलीला घेऊन ये. आक्काची शाळा दुसरीतच सुटलेली. तिने पाकिटावर लिहिलं, 'माझ्या धाकट्या भावाला, मोठ्या ऑफिसात, जिन्याखाली'. पोस्टमन शहाणा. त्याने ते बरोबर जिन्याखाली आणून तात्याच्या हातात दिलं.

तात्याने पाकीट पाहिलं. नाव नाही, हुद्दा नाही. समोर कामाचा ढीग पडलेला. सवयीचा हात आपोआप शिक्क्यावर गेला. 'पत्ता अपूर्ण, परत'. ठप्प. आणि पाकीट थैलीत.

थैली गेल्यावर तात्या चहा पीत बसला आणि अर्ध्या कपात त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो तसाच चपला न घालता टपाल कचेरीपर्यंत पळत गेला. पण टपाल तात्याच्याच शिस्तीने वेळेवर निघून गेलं होतं.

पत्र आक्काला पोचलं. तिचंच पत्र, भावाच्या ऑफिसचा शिक्का खाऊन. ती भावाला एक अक्षर बोलली नाही. बाकी सगळ्या गोताला मात्र बोलली. मावसभावाकरवी निरोप आला, "त्याला म्हणावं, आता माझ्या मयतालाच ये. आणि तेव्हाही पत्ता विचारत ये."

त्याला दोन वर्षं होऊन गेली आणि चिमीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, चिमी खूश. पण पत्रिका छापून आल्या त्या दिवशी तिने बापाला समोर बसवलं.

"बाबा, आत्या आली पाहिजे."

"येईल की."

"येईल की नाही, आली पाहिजे. आत्या नसेल तर मी लग्नाला उभी राहणार नाही. तुमच्या शेजारी बसून जन्मभर पाकिटं चिकटवीन."

पोरगी आत्याच्या वळणावर गेलेली. बोलली तर करायची. तात्याने पत्रिकांचा गठ्ठा उगाच पुन्हा मोजायला घेतला.

बायको म्हणाली, "सोपं आहे. सकाळच्या गाडीत बसा, आक्कांच्या दारात जा, पाया पडा, पत्रिका हातात द्या."

"तोंडी आमंत्रणाला पुरावा नसतो."

"पुरावा कुणाला हवाय? बहीण हवीय."

"तू थांब. मी रीतसर पाठवतो."

खरं सांगायचं तर गडी टरकला होता. साहेबाच्या शिव्या त्याने ढिगाने खाल्ल्या होत्या, त्याचं काही वाटत नसे. पण आक्कासमोर उभं राहायचं म्हटलं की त्याला ऑफिसचं काम आठवायचं. पाकीट बरं. पाकिटाला तोंडावर कुणी बोलत नाही.

रविवारी तो जेवणाच्या टेबलावर खळी, ब्रश आणि स्पंज मांडून बसला. पत्रिकेच्या पाकिटांवर पत्ते घालू लागला. बायको भाजी निवडता निवडता डोकावली आणि उडालीच.

"हे काय? 'मा. वजनमापे निरीक्षक'? हा माझा छकूदादा ना?"

"हुद्दा वजनमापे निरीक्षकच आहे ना त्याचा?"

"अहो, माझा सख्खा चुलतभाऊ आहे तो! लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय!"

"तेव्हा तो निरीक्षक नव्हता."

बायकोने दुसरं पाकीट उचललं. त्यावर तात्याने आपल्या सगळ्यात देखण्या अक्षरात लिहिलं होतं, 'मा. स्टेशन मास्तर यांसी, सपत्नीक'. सुरुवातीच्या 'मा.'ची काठी अशी डौलदार, की जणू सलामच ठोकतेय.

"आणि आक्का कुठं आहेत यात?"

तात्याने बोट ठेवलं. "सपत्नीक."

"आक्का म्हणजे सपत्नीक?"

"मग? मास्तरांची पत्नीच ना?"

"भावजी निवृत्त झालेत! तिथं राहत नाहीत ते. नव्या घराच्या पत्त्यावर टाका."

"तो पत्ता तिच्या पत्रात होता."

"मग पत्र..." बायको बोलता बोलता थांबली. तात्या स्पंज पिळत बसला. मग म्हणाला, "मास्तर निवृत्त होतो, स्टेशन होत नाही. नवा मास्तर पुढं पाठवील. तिथंही आवकचा माणूस असतोच. आणि मी पोचपावतीसह पाठवतोय."

पाकिटं गेली. आणि खरंच, आठवड्याच्या आत स्टेशनाची पोचपावती आली. गोल शिक्का, खाली झोकात केलेली सही. तात्या ती घेऊन घरभर नाचला. बायकोने चष्मा लावून पाहिलं.

"ही सही भावजींची नाही."

"निवृत्त झाल्यावर माणसाची सही बिघडते."

पोचपावती तात्याने चिमीला दाखवली. चिमी हसली, नवी साडी आणायला गेली. तात्याला त्या दिवसापासून गाढ झोप लागू लागली.

लग्न एका साध्याशा हॉलमध्ये होतं. तात्या दाराशी उभा राहून येणाऱ्याला हात जोडत होता. मुलाकडची मंडळी वेळेवर आली. मग एक चष्मेवाली तरुण बाई आली, ताठ, काखेत पर्स. हॉलमध्ये शिरली ती थेट स्वयंपाकाच्या बाजूला बघत.

"नमस्कार. वजनमापे निरीक्षक."

तात्याची बायको पुढे झाली. "ते कुठं आहेत?"

"कोण ते?"

"वजनमापे निरीक्षक. माझा छकूदादा."

"त्यांची बदली झाली. आता मी आहे." बाईने पर्समधून पाकीट काढून दाखवलं. "आमच्या खात्याला लग्नाला कुणी बोलवत नाही हो. दुकानदार तर आम्हाला बघून शटर ओढतात. मला फार बरं वाटलं."

बायकोने तात्याकडे असं पाहिलं, की तो खांबामागे सरकला. आत आचाऱ्याच्या कानावर गेलं, की वजनमापेवाल्या बाई आल्यात. त्याने पोरांना बजावलं, "आज वाढताना हात आखडायचा नाही. ढीग घाला ढीग." पहिल्या पंगतीतल्या माणसांना ताटातल्या ढिगापलीकडचं समोरच्याचं तोंड दिसेना.

तेवढ्यात दारात रेल्वेच्या गणवेशातला एक पोरसवदा माणूस उभा राहिला. टोपी काखेत, बूट चकचकीत, शेजारी बायको, बायकोच्या हातात मिठाईचा खोका.

"आमंत्रणाबद्दल आभार," तो म्हणाला. "मी स्टेशन मास्तर. सपत्नीक."

तात्या त्यांच्या पाठीमागे वाकून बघू लागला.

"नवी बदली हो," मास्तर सांगत होता. "गावात कुणी ओळखत नाही. दिवसभर गाड्यांना झेंडी दाखवायची, पण उतरून बोलत कुणी नाही. आणि एकदम इतक्या लांबून, मोठ्या ऑफिसच्या माणसाचं पाकीट! मी हिला म्हटलं, बघ, हुद्द्याला अजून मान आहे. लगेच पोच पाठवली."

"मिळाली," तात्या कसाबसा म्हणाला. "आणि... जुने मास्तर? त्यांना पाकीट पुढं नाही दिलंत?"

"जुन्या मास्तरांना? का?" मास्तर गोंधळला. "पण त्यांच्या बाईंनी पाहिलंय ते. त्या रोज येतात. आमच्या खोलीमागे त्यांनी लावलेलं लिंबाचं झाड आहे. लिंबं तोडतात, मला चार शिव्या देतात, की पाणी घालत नाही, आणि जातात. हिने कौतुकाने पाकीट दाखवलं त्यांना. त्यांनी अक्षर बघितलं. बराच वेळ बघितलं." मास्तरांची बायको हळूच पुढे म्हणाली, "मग त्या जे बोलल्या ते मला इथं सांगता येणार नाही."

मागून चिमीची मैत्रीण धावत आली. "काका, चिमी विचारतेय, आत्या आली का? ती खोलीतून बाहेर यायला तयार नाही. तिकडून मुलाचे वडील घाई करतायत."

तात्याने बायकोला शोधायला मान वळवली.

"बाई आल्यात ना," मास्तर म्हणाला. "आम्ही जीप केली होती, तर म्हणाल्या, मलाही न्या, हवा खायला येते. त्या बाहेर जीपमध्ये बसल्यात. उतरत नाहीत. म्हणतात, मला आमंत्रण नाही, मी नुसती मास्तरांच्या सोबतीला आलेय."

तात्या बाहेर धावला. रस्त्याच्या कडेला जीप. पुढच्या सीटवर भावजी शेंगा फोडत बसलेले. मागे आक्का, नवं लुगडं नेसून, पाठ हॉलकडे करून. लुगडं नवं होतं हे तात्याच्या लक्षात आलं आणि त्याला जरा धीर आला.

पण सवयीने त्याचा हात खिशात गेला. खिशात एक पत्रिका आणि कोरं पाकीट असायचंच. ते त्याने आक्काच्या खिडकीखाली जीपच्या पत्र्यावर टेकवलं, पेन उघडलं आणि लिहिलं, 'मा.' पुढे पेन अडलं. काय लिहायचं? हुद्दा कोणता? पेन हवेतच राहिलं. आक्का खिडकीतून मान वळवून बघत होती.

"लिही की," ती म्हणाली. "का शाई संपली?"

तात्याने पेन झटकलं.

तिने हात बाहेर काढला, पाकीट ओढून घेतलं आणि टराटरा फाडलं. "जिवंत बहीण समोर बसलीय आणि हा लिहीत बसलाय! तोंडाला काय खळ लावलीय का तुझ्या?"

"आक्का," तात्या म्हणाला, "चिमीचं लग्न आहे. चल."

"ऐकू आलं नाही."

"चिमीचं लग्न आहे, तू चल!"

"आणि?"

"आणि माझं चुकलं."

"इंजिनाचा आवाज आहे. मोठ्याने सांग."

इंजिन बंद होतं. तरी तात्या ओरडला, "चुकलं माझं!" हॉलच्या पायऱ्यांवर मुलाकडची निम्मी माणसं जमली होती. मुलाचे वडील घड्याळ बघत होते. तात्याला सगळं दिसत होतं आणि कुठं पळून जायला जागा नव्हती.

मग आक्का सुटली. कडेवर घेऊन फिरवलं तिथपासून तिने सुरुवात केली. तात्या लहानपणी कुठं कुठं ओलं करायचा ते सांगितलं. कुणाच्या बागेतला पेरू चोरला आणि मार कुणी खाल्ला ते सांगितलं. शिक्का, परत आलेलं पत्र, नव्या घराचं दार बघत बसलेली ती, आणि शेवटी 'सपत्नीक'. "सपत्नीक! मी काय पेटीबरोबर आलेलं कुलूप आहे?" आवाज असा, की समोरच्या दुकानदाराने रेडिओ बंद करून खुर्ची बाहेर टाकली. मुलाच्या वडिलांनी घाबरून विचारलं, "काही अडचण आहे का?" भावजी शेंगेचं टरफल खाली टाकत म्हणाले, "नाही नाही. आता उतरेलच. आतलं सगळं संपलं की उतरते."

आणि उतरली. उतरताना तात्याच्या खांद्याला धरून उतरली. मास्तराला म्हणाली, "चल रे पोरा, बायकोला घे. आता तुम्ही माझ्याकडचे." पायऱ्या चढून थेट चिमीच्या खोलीत. आतून दोघींचा आवाज आला. रडण्याचा की भांडणाचा ते बाहेर कळेना. मग आक्का स्पष्ट ऐकू आली, "कुणी नटवलंय ग हिला? सोड ते केस, मी बांधते." आणि थोड्या वेळाने चिमी बाहेर आली, नाक लाल, पण हसत.

लग्न लागलं. मुलाचे वडील ओळखी करून घेत फिरत होते. चष्मेवाल्या बाईपाशी आणि मास्तरापाशी येऊन थबकले. "हे कोण तुमचे?" तात्या अडखळला. "हे... पदसिद्ध पाहुणे." आक्काने त्याच्या बरगडीत कोपर हाणलं. "ही माझी माणसं आहेत," ती म्हणाली. "आणि या चष्मेवाल्या पोरीच्या ताटात एवढा भात कुणी घातलाय रे? माणूस आहे का गोणी?" आचारी आतच लपला.

संध्याकाळी जीप निघाली तेव्हा तात्या खिडकीशी वाकला. "आक्का, नव्या घराचा पत्ता सांगून ठेव."

"नाही सांगत."

"अग, मग येऊ कसा?"

"तुझा तू ये. तुझ्या खात्याला शोभेल असा काहीतरी मार्ग काढ." आणि तिने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

रविवारी सकाळी तात्या गाडीत बसला. त्याच्या बायकोने खिसे तपासून पेन आणि पाकिटं काढून घेतली होती. स्टेशनावर मास्तराने झेंडी सोडून त्याच्याशी हात मिळवला, पण तोंड उघडलं नाही. "बाईंनी दम दिलाय. पत्ता सांगितला तर लिंबाचं झाड उपटून नेईन म्हणाल्यात."

तात्या गल्लीत शिरला. पानवाल्याला म्हणाला, "माझी आक्का कुठं राहते?" पानवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोण आक्का? नाव काय?" तात्याने नाव सांगितलं. मोठ्याने, पहिल्यांदाच. पानवाल्याला ते नाव माहीत नव्हतं. गावात तिला नावाने कुणी ओळखतच नव्हतं. तात्या शिंप्याला विचारून आला, गिरणीवाल्याला विचारून आला. ऊन चढलं. तो एका ओट्यावर टेकला आणि टोपीने वारा घेऊ लागला.

तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडून आवाज आला. कुणीतरी कुणालातरी गटाराचं झाकण उघडं ठेवल्याबद्दल धुऊन काढत होतं. सुरुवात त्याच्या लहानपणापासून केली होती.

तात्या उठला, टोपी डोक्यावर घातली आणि आवाजाच्या रोखाने चालू लागला.